चौदा गाठींचं हूड

गडबच्या जनू म्हात्रेला पेणपासून रोह्यापर्यंत सगळे हूडवाला म्हणत. जनू मात्र असा वागायचा की परक्या माणसाला वाटावं, हा इथला मोठा डॉक्टर असणार. सकाळी दहाच्या आधी शेड उघडायची नाही, आलेल्या माणसाकडे लगेच बघायचं नाही, आणि बघितलं तर आधी गाडीकडे बघून जीभ चुकचुकवायची. जीपवाल्याचा जीव निम्मा तिथंच जायचा.

तो काळ वडापच्या जीपांचा. एकोणीसशे पंच्याण्णव-शहाण्णवची गोष्ट. जागा नऊ जणांची, आत अठरा, मागे दोघं लोंबकळणारे, आणि या सगळ्यांच्या डोक्यावर कॅनव्हासचं हूड. लोखंडी कमानींवर कापड ताणायचं, कडेला पितळी रिंगा मारायच्या, रिंगांतून दोरी ओवून ती खालच्या हुकांना बांधायची. मृगाच्या आधी पंधरा दिवस जनूच्या शेडपुढे जीपांची रांग लागे. कुणाचं हूड फाटलेलं, कुणाचं उंदरांनी खाल्लेलं, कुणाचं नुसतं सैल झालेलं.

शिवणकाम तो चांगलंच करायचा. पण त्याचं त्याला काही वाटत नसे. शिवणारे काय, पेणच्या बाजारात पाच आहेत, असं तो स्वतःच म्हणायचा. त्याचा सगळा अभिमान होता गाठीत. हूड शिवून झालं की ते गाडीवर बांधायची वेळ येई, आणि मग जनू जमलेल्या लोकांकडे पाठ करी. खांद्यावरचा पंचा हातांवर ओढून घेई आणि त्या आडोशात दोरीला काहीतरी करी. गाठीचं टोक आत कुठंतरी दडपून टाकी, की बघणाऱ्याला ना सुरुवात दिसावी ना शेवट. कुणी जरा वाकून बघायला लागलं, की जनूला खोकला यायचा आणि तो माणूस सरळ उभा राहीपर्यंत थांबायचा नाही.

ही गाठ सुटत नाही आणि जनूशिवाय कुणाला सोडताही येत नाही, अशी त्या अख्ख्या लायनीत ख्याती होती. कुणाला जीपमधून कपाट न्यायचं असलं आणि हूड काढायचं असलं, तरी आधी जीप गडबला यायची. दोरी कापली तर? तसं करायची कुणाची छाती नव्हती, कारण कापलेल्या दोरीच्या गाडीला जनू पुढं वर्षभर हात लावायचा नाही. एकदा तो बहिणीकडे, मालूकडे, जिते गावी पूजेला गेला. तीन दिवस राहणार होता. दुसऱ्या दिवशी मालूच्या खळ्यात चार जीपा येऊन उभ्या. तिच्या सासऱ्यांना वाटलं, सूनबाईचा भाऊ आर.टी.ओ.त चिकटला. जनूनं ही हकिकत पुढं इतक्या वेळा सांगितली की बायको सगुणा तिचा शेवट आपणच सांगून टाकायची आणि भाताला उठायची.

असा हा मानाचा माणूस. पण एक गोष्ट त्याला फार लागली होती, आणि ती हरेश शेठच्या नावाशी बांधलेली होती.

हरेश शेठ म्हणजे पूर्वीचा हऱ्या. जनू आणि हऱ्या एका शाळेत, एका बाकावर, आणि शाळा सुटली की खाडीच्या एकाच चिखलात चिंबोऱ्या धरायला. पुढं जनूनं सुई हातात घेतली. हऱ्याच्या जमिनीला भाव आला. त्या पैशातून त्यानं डोलवीला कंपनीच्या कामावर माणसं पुरवायचा ठेका घेतला, आणि दोन वर्षांत त्याच्या नावातला 'ऱ्या' गळून तिथं 'शेठ' आला. त्यानं तीन मजली घर बांधलं. वास्तुशांतीला जनूला बोलावणं आलं. जनू नवा शर्ट घालून गेला, तर शेठच्या मेव्हण्यानं त्याला मंडपाची ताडपत्री दाखवली. ती वाऱ्यानं फडफडत होती. जनूनं ती बांधली. बांधून खाली उतरला तेव्हा पंगत बसली होती, आणि सगळे त्याला "वा जनू, झकास" असं म्हणत जेवत होते. बस म्हणून कुणी म्हटलं नाही. तो घरी आला आणि सगुणेला म्हणाला, पोटात जरा गडबड आहे, जेवत नाही.

तेव्हापासून जनूच्या मनात एकच होतं. शेठच्या घरच्या कार्याला एकदा पाहुणा म्हणून जायचं. डोक्याला फेटा, पंगतीत पाट, आणि आग्रह करणारा माणूस समोर. यात काही फार मोठं मागणं नव्हतं. पण ज्याला ते मिळत नाही त्यालाच त्याची किंमत कळते.

मग शेठच्या मुलाचं, विशालचं, लग्न ठरलं. मुलगी रोह्याची, नमिता. लग्न मेमध्ये. आता हरेश शेठच्या घरचं लग्न म्हणजे नवरदेव जीपमधून जाणं शक्यच नव्हतं. बैलगाडी गावंढळ, घोडा सगळेच आणतात. शेठनं मुंबईला जाऊन लग्नात गाड्या भाड्यानं देणाऱ्या एका माणसाकडून एक जुनी लाल उघडी मोटार विकत आणली. दोन दारांची, लांब नाकाची. गाडी गडबमध्ये शिरली तेव्हा मागे पोरं धावत होती, आणि एक म्हातारी हात जोडून उभी राहिली, कारण तिला वाटलं कुणी पुढारी आला.

गाडीला डोकं नव्हतं. मूळचं हूड कधीच कुजून गेलेलं. मागच्या सीटच्या पाठीमागे गंजलेल्या चार कमानी दुमडून पडल्या होत्या. शेठनं गाडी थेट जनूच्या शेडपुढं आणून उभी केली.

"जनू, याला हूड कर. वाटंत बंद पायजे, ट्रकांची धूळ नको. रोह्यात शिरताना उघडायचा. लोकांना नवरा दिसला पायजे."

"आनि गाडीपन," जनू म्हणाला.

"गाडीपन," शेठ म्हणाला. त्याला यात थट्टा दिसली नाही.

गाडीबरोबर ड्रायव्हर होता गोविंदा. चाळिशीचा, आतल्या बाजूच्या एका डोंगरपायथ्याच्या गावचा, घरी भात आणि वाल पिकवणारा. सरळ माणूस. तो कमानी वर-खाली करून बघत होता. पुढच्या काचेच्या वरच्या पट्टीवर दोन जागा रिकाम्या दिसल्या.

"हितं दोन कड्या होत्या," तो म्हणाला. "हूड पुढं ओढायचं, कडी फिरवायची, खट्ट. झालं बंद. माझ्या जुन्या मालकाकडं होती असली गाडी. कुर्ल्याला मिळतात कड्या. कडंला टिचबटणं मारली की पोरगंसुदीक लावील."

पोरगंसुद्धा लावील! मग जनूची गरज काय? हूड शिवून द्यायचं, कापडाचे तुकडे झाडून टाकायचे, आणि वरात शेडवरून जाताना रस्त्याच्या कडेला उभं राहून बघायची. त्यानं गाडीभोवती एक फेरी मारली, जीभ चुकचुकवली आणि गंभीर तोंड केलं.

"कडी हिसक्याला निसटते, शेठ. बटनं गंजतात. भिसे खिंडीत वारा कसा हाय, ठाव हाय ना? नवरदेवाच्या डोक्यावरनं हूड उडून मागच्या ट्रकात पडंल. लोक काय म्हनतील?"

लोक काय म्हणतील, हे तीन शब्द शेठच्या सगळ्या व्यवहाराचा पाया होते. तो घाबरला.

"मग?"

"गाठ," जनू म्हणाला. "पुढं चार, मागं चार, दोन्ही अंगाला तीन-तीन. चौदा."

झालं, कुर्ला रद्द झालं. गोविंदा काहीतरी बोलायला गेला, पण शेठनं हात वर केला. जाणत्या माणसाचं ऐकावं, असं शेठचं मत होतं. जाणता माणूस कोण, हे तो आवाजावरून ठरवायचा.

आता खरं सांगायचं तर, त्यानंतरच्या तीन आठवड्यांत जनूनं जे काम केलं ते बघण्यासारखं होतं. नुसता गाठीचा तोरा मिरवणारा माणूस असं काम करत नाही. त्यानं कमानी रॉकेलनं घासून लख्ख केल्या, रंगवल्या. दांडगं कॅनव्हास आणून ते आधी दोन दिवस पाण्यात भिजत टाकलं, वाळवलं, पुन्हा भिजवलं, म्हणजे जे काय आटायचं ते आधीच आटून जाईल. मग गाडी भर दुपारी उन्हात उभी केली. कापड उन्हात तापून मऊ पडलं की ते कमानींवर टाकलं. खडूनं कापडाचा मध्य काढला, प्रत्येक कमानीचा मध्य काढला, आणि मध्याला मध्य जुळवून पहिला खिळा हुडाच्या पुढच्या लाकडी पट्टीच्या बरोबर मधोमध ठोकला. दुसरा मागच्या मधोमध. मग कोपरे. कोपऱ्यापासून सुरुवात करणारा हूडवाला आयुष्यभर सुरकुत्या काढत बसतो, असं तो पुटपुटत होता, आणि ऐकायला शेजारी फक्त एक कुत्रं होतं.

ही पुढची पट्टी त्यानं काचेवर पूर्ण टेकवली नव्हती. खाली दोन बोटं जाडीचा लाकडी ठोकळा ठेवला होता. सगळी शिवण झाल्यावर ठोकळा काढला आणि पट्टी खाली ओढली, तसं सगळं कापड एकदम ताणून बसलं. मागे त्यानं पारदर्शक प्लॅस्टिकची खिडकी शिवली होती, दुहेरी शिवण, आणि शिवणीवर मेण. शेठनं येऊन टिचकी मारली. टण्‌ असा आवाज आला.

"वाजतंय रे!" शेठ खूश झाला.

मग जनूनं पंचा ओढून, पाठ करून, चौदा गाठी मारल्या. दहा मिनिटं लागली. सोडून दाखवल्या. सात मिनिटं. शेठनं घड्याळात बघितलं आणि त्याच्या कपाळाला आठी पडली.

"आनि रोह्याला वरातीत हे कोन सोडनार?"

या प्रश्नाची जनू तीन आठवडे वाट बघत होता. त्यानं उत्तर आरशापुढं म्हणून बघितलं होतं.

"मीच सोडनार. म्हंजे... मना यावं लागंल."

शेठनं गाडीकडं बघितलं, मग जनूकडं.

"ये मग. मागं बस."

जनू घरी आला तो जमिनीपासून चार बोटं वर चालत आला. सगुणा मासे साफ करत होती.

"शेठच्या लग्नाला चाललोय. नवऱ्याच्या गाडीत," तो म्हणाला.

"पत्रिका दिलान?"

"गाडीत बसनाऱ्याला पत्रिका कशाला लागते गो?"

सगुणेनं माशाचं डोकं कापलं. "आनि मी?"

"गाडीत जागा कुठं हाय?"

नवऱ्याला कशाची हौस आहे, ते तिला वास्तुशांतीच्या दिवशीच कळलं होतं, कारण त्या दिवशी पोट बिघडलेला माणूस पहाटे उठून शिळा भात खाताना तिनं बघितला होता. तिनं त्याचा टेरिलीनचा शर्ट धुतला, कांजी दिली, आणि गावातून इस्त्री मागून आणून स्वतः फिरवली.

लग्नाच्या सकाळी शेठच्या दारात फेटे बांधणारा बसला होता. त्यानं गाडीजवळ उभा असलेला, कडक शर्टातला जनू बघितला, जवळचा पाहुणा समजला, आणि बोलता बोलता गुलाबी फेटा त्याच्या डोक्याला गुंडाळला. जनूनं श्वास रोखून धरला होता. फेटा बसल्यावर त्यानं गाडीच्या आरशात बघितलं. आपण चांगले दिसतो, असं त्याला आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं.

बसायची वेळ आली. पुढं गोविंदा आणि शेठ. मागं नवरदेव, आणि त्याच्याशेजारी जनू. शेठच्या मेव्हण्याला मागच्या वऱ्हाडाच्या ट्रकमध्ये बसावं लागलं. त्याचं तोंड बघून जनूला जे सुख झालं ते लपवायचा त्यानं मुळीच प्रयत्न केला नाही.

गाडी आमटेम, नागोठणं करत निघाली. गाव आलं की गोविंदा वेग कमी करी, आणि लोक वाकून आत बघत. नवरदेवाशेजारी बसलेले हे गृहस्थ मामा असावेत की मोठे काका, यावर नाक्यानाक्यावर चर्चा झाली असणार. जनू हलकेच मान हलवून सगळ्यांचा नमस्कार घेत होता. नवरदेवाला आदल्या रात्रीच्या हळदीच्या नाचानं झोप आवरत नव्हती. त्यानं दोनदा जनूच्या खांद्यावर डोकं टेकलं. जनूनं ते टेकू दिलं.

भिसे खिंडीत वारा आला. हूड फुगलं, कमानी कुरकुरल्या, दोऱ्या ताणल्या. नवरदेव दचकून जागा झाला. शेठनं दोन्ही हातांनी वरची पट्टी धरली.

"सोडा, शेठ," जनू शांतपणे म्हणाला. "काय व्हनार नाय."

आणि काही झालं नाही. एक गाठ हलली नाही. खिंड उतरल्यावर शेठ मागं वळला.

"हऱ्या आनि जन्या," तो हसून म्हणाला. "मानलं तुला."

कितीतरी वर्षांनी त्याच्या तोंडून ती दोन नावं एकत्र आली होती. जनूचे डोळे भरून आले. त्यानं ते धुळीवर ढकललं. बंद हुडात धूळ कुठून आली, हे कुणी विचारलं नाही.

रोह्याच्या पुलाअलीकडे बँड उभा होता. गाडी थांबली. जनू उतरला, लोकांकडे पाठ केली, आज पंच्याऐवजी फेट्याचा शेमला हातांवर ओढला आणि गाठी सोडायला लागला. सात मिनिटं. बँडवाल्यांची दोन गाणी वाजून संपली आणि तिसरं सुरू करावं की नाही, या विचारात ते थांबले. मग हूड दुमडलं, नवरदेव सीटवर उभा राहिला, आणि वरात निघाली. खाली जनू दुमडलेल्या हुडाला हात लावून बसला होता. फुलं नवरदेवावर उडत होती, पण उडवणाऱ्यांचा नेम काही धड नव्हता, त्यामुळे बरीचशी जनूच्या वाट्याला आली.

मंडपाच्या दारात गाडी थांबली. बायका आरती घेऊन पुढं आल्या. नवरदेव उतरला, शेठ उतरला. जनूनं एक पाय बाहेर टाकला. तेवढ्यात शेठनं वर बघितलं. डोंगराच्या बाजूला मेमध्ये येतो तसा एक काळपट ढग होता.

"जनू, तू बस गाडीतच," शेठ म्हणाला. "हूड उघडाच ऱ्हाऊ दे, लोकांना बघू दे. पन ढग हिकडं वळला तर लगीच बांध. सीटा भिजतील."

"मी? आत..."

"मग दुसऱ्या कोनाला जमनार हाय?" शेठ अगदी मनापासून म्हणाला. "तुझ्याशिवाय हाय कोन?"

जनूनं पाय आत घेतला. हे वाक्य ऐकण्यासाठी तो बारा वर्षं पाठ करून गाठी मारत आला होता.

लाल रेग्झिनची सीट तापली होती. पोरं येऊन हॉर्न वाजवून गेली. एका माणसानं गाडीची किंमत विचारली, दुसऱ्यानं जनूला विचारलं की गाडी भाड्यानं देणार का. आत मंगलाष्टकं सुरू झाली, ती त्यानं कर्ण्यावर ऐकली. कुणीतरी मूठभर अक्षता त्याच्या हातावर ठेवून गेलं. 'सावधान' झालं की तो मागच्या सीटवरून अक्षता टाकायचा आणि त्या बॉनेटवर पडायच्या. जमलेला ढग मंगलाष्टकं संपायच्या आतच विरून गेला होता. पण जायचं नव्हतं. बस म्हणून सांगितलं होतं.

पहिली पंगत उठली. दुसरी उठली. मसालेभाताचा वास इतका जवळ होता की जनूला तो चावता आला असता. ज्यांच्या जीपांची हुडं त्यानं बांधली होती, ते वडापवाले ड्रायव्हर पान खात मंडपाबाहेर आले आणि उन्हात फेटा घालून बसलेल्या जनूला बघून म्हणाले, "काय जनूभाव, आज साहेब!" त्यांनी ते कौतुकानंच म्हटलं होतं. जनूला रडावंसं वाटलं. वास्तुशांतीला ताडपत्री बांधून तो निदान घरी तरी गेला होता. आज त्याला जाताही येत नव्हतं. इतक्या युक्तीनं, इतक्या कष्टानं त्यानं स्वतःलाच या गाडीला बांधून घेतलं होतं.

गोविंदा हात पुसत आला. "जेवलात?"

"नाय."

"का वो?"

"ढग," जनू म्हणाला.

गोविंदानं वर बघितलं. आभाळ धुतल्यासारखं होतं. त्यानं जनूच्या तोंडाकडे बघितलं, आणि त्याला बरंच काही कळलं असावं.

"मना दाखवा गाठ. मी बसतो. तुमी जेवून या."

आत कर्ण्यावर कुणीतरी ओरडलं, शेवटची पंगत बसतेय, राहिलेल्या मंडळींनी यावं. गाठ दाखवायची म्हणजे काय, ते गोविंदाला ठाऊक नव्हतं. ती दाखवली की जनूजवळ उरणार काय? पेणच्या बाजारातल्या पाच शिवणाऱ्यांसारखा सहावा. पण पंगत बसत होती, आणि तिथं एक पाट रिकामा होता, आणि तो त्याला हवा होता. पोटातल्या भुकेचं तो काहीतरी करू शकला असता. दुसऱ्या भुकेचं काही करता येईना.

तो उतरला. हूड दोघांनी पुढं ओढलं. जनूनं पहिल्यांदाच, माणसाकडे तोंड करून, पंचा न ओढता, एक गाठ मारली. अशी, मग अशी, मग टोक आत.

"एवढंच?" गोविंदा म्हणाला.

त्यानं दुसरी गाठ मारली. बरोबर. तिसरी जनूपेक्षा लवकर.

"ही तर आमची बैलाची गाठ हाय," तो खुशीत म्हणाला. "आमच्यात सगळेच ही मारतात. तुमी फक्त टोक आत घालता. मी समजलो, काय वेगळीच असंल!"

त्याच्या बोलण्यात टोचण्यासारखं काही नव्हतं. म्हणूनच ते आरपार गेलं. जनूचं गाव खाडीकाठचं, मिठाचं. बैल तिथं कुणाकडे नव्हते. ही गाठ त्याला वडिलांनी, विठूनं, होडीवर शिकवली होती, आणि त्यानं ती जगात एकच आहे असं धरून बारा वर्षं पंच्याखाली जपली होती. डोंगराकडच्या गावात ती रोज संध्याकाळी गोठ्यात बांधली जात होती. आणि वडापवाल्यांपैकी कुणी एकदा तरी टोक बाहेर ओढून बघितलं असतं, तर त्याच दिवशी कळलं असतं. कुणी बघितलं नाही. सगळे खोकल्याला घाबरले.

तो मंडपात गेला. शेवटच्या पंगतीत बँडवाले बसले होते. त्यांच्यात एक पाट रिकामा होता. वाढप्यानं गुलाबी फेटा बघितला आणि लगबगीनं पुढं आला.

"नवऱ्याकडचे ना? पोटभर जेवा हां, लाजायचं नाय!"

"व्हय, नवऱ्याकडचा," जनू म्हणाला.

तो जेवला. बुंदी तीनदा घेतली. तिसऱ्यांदा 'नको नको' म्हणत हात आडवा धरला, वाढप्यानं तो बाजूला सारून वाढली, आणि त्या क्षणी जनूला गाठीबिठीची काही पडली नव्हती.

उन्हं कलल्यावर वऱ्हाड परतायला निघालं. गाडीचं हूड लावलेलं होतं, चौदाच्या चौदा गाठी मारून. शेठनं चमकून विचारलं, "जनू तर पंगतीला होता. कोनी बांधलं?"

"मी, शेठ," गोविंदा म्हणाला. "जनूभावनी दाखवली. पाच मिनटांत व्हतंय."

"वा!" शेठ म्हणाला. "मग काम झालं."

मागच्या सीटवर आता नवरा, नवरी आणि नवरीची करवली बसायची होती. शेठनं इकडं तिकडं बघितलं आणि जनूच्या पाठीवर हात ठेवला.

"जनू, तू ट्रकात ये, हां?"

मनात काही वाईट नव्हतं त्याच्या. पाऊस थांबल्यावर माणूस छत्री कोपऱ्यात ठेवतो, तेवढ्याच सहजपणे तो बोलला. ट्रकात शेठचा मेव्हणा उभा होता. त्यानं जनूला वर घ्यायला हात दिला आणि तोंड दुसरीकडे करून हसला.

ट्रकात बायका गाणी म्हणत होत्या. जनू पुढच्या फळीला धरून उभा राहिला. समोर वीस-पंचवीस हातांवर ती लाल गाडी चालली होती, आणि मागच्या प्लॅस्टिकच्या खिडकीतून त्याच्या जागेवर बसलेल्या करवलीचा गजरा दिसत होता.

भिसे खिंड आली. वारा आला. हूड फुगलं.

उडू दे, असं जनूच्या मनात आलं. अगदी स्पष्ट आलं, त्याला ते नाकारता येईना. एकच गाठ सुटू दे. गाडी थांबेल, शेठ उतरेल, ट्रककडं बघून हाक मारेल. फळीवर त्याची बोटं पांढरी पडली. हूड पुन्हा फुगलं, कमानी उचलल्यासारख्या झाल्या, आणि जनूच्या काळजात चर्र झालं, कारण त्या कापडाचा टाका न्‌ टाका त्याचा होता. नको, नको, उडू नको, असं तो आता पुटपुटत होता. मघाशी आपण काय मागितलं, याची त्याला लाज वाटली.

हूड बसलं. पुन्हा फुगलं, पुन्हा बसलं. गाठी धरून होत्या, पण जनू आता गाठींकडे बघतच नव्हता. मधल्या शिवणीपासून दोन्ही कोपऱ्यांपर्यंत, इतक्या वाऱ्यात, कापडाला कुठं एक सुरकुती नव्हती. शिवण कुठं ओढली जात नव्हती. त्यानं असं आपलं काम लांबून, दुसऱ्याच्या गाडीतून, कधी बघितलंच नव्हतं. तो नेहमी पाठ करून उभा असायचा.

शेजारी उभी असलेली हौसाकाकू, गावातली वयानं मोठी बाई, गाणं थांबवून म्हणाली, "जनू, काय बांधलंयस रे! हालत नाय!"

नेहमीसारखी मान हलवायला तो गेला.

"मी नाय बांधलं, काकू. गोविंदानं बांधलंय."

"त्याला येते तुझी गाठ?"

"येते. त्याच्या गावात सगळ्यांना येते."

हौसाकाकूनं जरा विचार केला. ती भाबडी होती, पण हिशोबाला पक्की होती.

"मग आता रे? तुझ्याकडं कोन कशाला येईल?"

ट्रक खिंडीतून बाहेर पडला. वारा एकदम पडला, आणि पुढच्या गाडीवरचं हूड सपाट, ताठ बसलं.

"हूड शिवायला येतील," जनू म्हणाला.